जाळ्यात सापडलेले सर

साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या होणाऱ्या शिक्षकाला जाळ्यात पकडून, घडी घालून, पिशवीतून घेऊन प्रवेशाला आलेली विद्यार्थिनी एकच झाली असेल, आणि ती माझ्या वाट्याला आली. यात अतिशयोक्ती काही नाही. जूनचे दिवस होते, मी प्रवेशाच्या टेबलावर बसलो होतो. नाटे बंदराहून पहिल्या एसटीने आलेली एक मुलगी रांगेतून पुढे आली आणि अर्जाच्या आधी तिने टेबलावर एक जाड, मळकट घडी ठेवली. सुक्या मासळीचा वास आला. घडी उलगडली तर आतून मीच बाहेर आलो. कोट घातलेला, हात जोडलेला, डोक्यावर ‘आदर्श शिक्षक पुरस्काराबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि खाली नाव, महाविद्यालय, सगळं शाबूत. डाव्या गालावर तेवढे शंख चिकटले होते. तिने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खणखणीत आवाजात विचारलं, “सर, हे तुम्हीच ना ओ? दिवाळीनंतर भाट्यासमोर समुद्रात बाबांच्या जाळ्यात सापडलात. म्हटलं, ज्या कॉलेजातले सर एवढ्या लांब पोहत येतात ते कॉलेज बघू तरी.” रांग हसली. मीही हसलो, आणि हसता हसता खोटं बोललो. “वादळात उडाला असेल गं,” मी म्हणालो. “वारा केवढा असतो आपल्याकडे.” तिने मान डोलावली आणि अर्ज पुढे केला.

वारा त्यात कुठेच नव्हता. मला पुरस्कार मिळाला तेव्हा मित्रांनी तो फ्लेक्स नाक्यावर लावला होता. पंधरा दिवसांनी उतरवून घरी आणून दिला, आणि तेव्हापासून त्याचं काय करायचं हा माझ्या घरातला मोठा प्रश्न होऊन बसला. बायको म्हणाली, लाकडांवर टाका. शेजाऱ्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मागितला. कचऱ्याच्या गाडीत टाकला असता तर गावभर हात जोडून फिरलो असतो. खुराड्यावर माझा चेहरा आणि त्यावर कोंबडा, ही कल्पना मला सहन होईना. शेवटी एका पहाटे फिरायला जाताना मी तो गुंडाळून नेला, चिऱ्याचा एक तांबडा तुकडा सुतळीने बांधला आणि भाट्याच्या पुलावरून खाडीत सोडून दिला. मी भूगोल शिकवतो. शिवाय दुसऱ्या वर्षाला पर्यावरण हा सक्तीचा विषय असतो, तोही मीच शिकवतो, कारण दुसरं कुणी तयार नसतं. त्याच दिवशी अकराच्या तासाला मी ‘सागरी प्रदूषणाची कारणे’ शिकवली. पाच कारणं सांगितली, सहावं माझ्यापाशी ठेवलं.

आता माझं खोटं ती असं मनावर घेईल हे मला कुठून कळावं? सरांचा फ्लेक्स वाऱ्याने उडाला म्हणजे कॉलेजातली प्रत्येक वस्तू वाऱ्याने उडून बाबांच्या जाळ्यात जाऊ शकते, असा हिशेब तिने मांडला आणि दुसऱ्याच आठवड्यापासून आमचं कॉलेज बांधायला घेतलं. तिच्या कंपासपेटीत कर्कटक नव्हता, जाळं विणायची सुई होती. कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, सूचनाफलकावरचे कागद, गच्चीवरचे पत्रे, सायकल स्टँडवरचं ताडपत्रीचं छप्पर, जे हलेल ते ती बांधत सुटली. ग्रंथपालांची छत्रीसुद्धा एकदा खिडकीच्या गजाला अशी बांधलेली सापडली की ते भिजत घरी गेले. पुढे तिने सगळ्यांना गाठ शिकवायचं ठरवलं. आम्ही शिक्षकही हातात दोऱ्या घेऊन व्हरांड्यात उभे. मी लांज्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, लहानपणी गुरं राखलेली. मला वाटलं, गाठीत मला कोण हरवतो! माझी गाठ तिने हातात घेतली, बराच वेळ उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, “ही खुंट्याला दावं बांधायची गाठ, सर. गुराला चालते. पाण्यात टिकत नाय.” मी म्हटलं, “असेल.” तिने गाठ सोडली आणि दोरी मला परत दिली.

गाठींनंतर जाळी आली. बापाच्या फाटक्या जाळ्यांतून तिने मोठाल्या पिशव्या विणल्या आणि प्रत्येक मजल्यावर टांगल्या. प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, सगळं त्यात टाकायचं. डब्यातला कचरा झाकला जातो, जाळ्यातला दिसतो. येणारा-जाणारा बघायचा, कुठल्या वर्गाने आठवड्यात काय काय रिचवलंय. आणि शनिवारी शेवटचा तास सुटला की ती जिन्यावर उभी राहून त्याचा लिलाव पुकारायची, जेटीवर तिची आई पुकारते तसा. “वाणिज्य दुसरं वर्ष! बाटल्या बघा बाटल्या! ताज्या फडफडीत, सकाळीच प्यायल्यात! कोण घेतो? कोणच नाय? मग मेल्यांनो, विकत कशाला घेतल्यात?” ज्या वर्गाचं जाळं सगळ्यात जड, त्याने आठवडाभर कँटीनची ताटं घासायची. पहिल्या महिन्यात वाणिज्यवाल्यांनी इतकी ताटं घासली की त्यांच्या वर्गप्रतिनिधीने घरून पाण्याची बाटली आणायचा ठरावच केला. दुसऱ्या महिन्यात शिक्षकांच्या खोलीचं जाळं सगळ्यात जड भरलं. मी ताटं घासली. माझ्या शेजारी इतिहासाच्या बाई, त्यांच्या शेजारी उपप्राचार्य. ती मागून फिरत होती. “सर, कडा. कडा राहिली.”

कँटीनवाल्या काकांनी तिला पहिल्या वर्षी शत्रू मानलं आणि शेवटच्या वर्षी सूनच करून घ्यायची बाकी ठेवली होती. कागदी कप बंद करा म्हणून ती त्यांच्या मागे लागली. काका म्हणाले, काचेचे फुटतात. मग ज्याने त्याने आपापला पेला आणावा असं ठरलं. आणि जो विसरेल त्याने? तिने भाट्याच्या एका माडवाल्याकडून पोतंभर करवंट्या आणल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि काउंटरवर मांडल्या. विसरलात तर करवंटीत चहा. शिक्षा म्हणून सुरू झालेली गोष्ट आठवडाभरात फॅशन झाली. पोरं मुद्दाम पेला विसरून यायला लागली. काका कपाळाला हात लावून मला म्हणाले, “सर, तुमच्या ह्या पोरीला आवरा ओ. लग्न ठरल्यागत झालंय, जो येतो तो नारळच मागतो.”

सगळंच काही सरळ पार पडलं नाही. कँटीनच्या सांडपाण्यावर तिने मागच्या बाजूला अळू, केळी आणि दोन माड लावले. त्यांना खत म्हणून सुकवलेल्या बारक्या मासळीचं एक पोतं आणलं, आणि ते पावसात भिजू नये म्हणून नेमकं प्राचार्यांच्या केबिनच्या खिडकीखाली ठेवलं. प्राचार्य माळकरी. तीन दिवस त्यांनी केबिनमध्ये उदबत्त्या लावल्या, चौथ्या दिवशी शिपायाला घेऊन वासाचा शोध लावला. तिला बोलावलं. ती म्हणाली, “सॉरी सर, पण माडाला आवडतं ते.” माड आता माझ्या उंचीचे झालेत.

एवढं सगळं चाललेलं असताना मी मात्र सुखात नव्हतो. ती दर वर्षी नव्या मुलांना माझी गोष्ट सांगायची. “आमच्या सरांचा फोटो वाऱ्याने उडाला आणि माझ्या बाबांच्या जाळ्यात आला.” मुलं हसायची, माझ्याकडे प्रेमाने बघायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचो. मी घरून पेला नेत होतो, पंखे बंद करत होतो, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर टिपणं काढत होतो, आणि यातलं काहीही चांगुलपणातून येत नव्हतं. चोर देवळात जास्त वेळ बसतो, तसं ते होतं. दर सत्राला ठरवायचो, आता सांगायचं. पण भीती वाटायची. जिचा बाप माझा कचरा समुद्रातून ओढून काढतो, तिच्या नजरेतून मी एकदा उतरलो की या वयात परत चढणार कुठून?

तिच्या शेवटच्या वर्षी बाहेरची समिती कॉलेज बघायला आली. प्राचार्यांच्या मनात प्रवेशद्वारावर ‘हरित परिसर’ असा वीस फुटी फ्लेक्स लावायचा होता. ती त्यांना म्हणाली, “सर, म्हावऱ्याच्या टोपलीवर शाकाहारी लिहिल्यासारखं होईल ओ ते.” शेवटी वसतिगृहाच्या जुन्या चादरींवर गेरूने अक्षरं काढली आणि तिच्या पद्धतीच्या गाठींनी त्या बांधल्या. सभागृहात माहिती द्यायला तीच उभी राहिली, आणि तिने सुरुवात माझ्यापासूनच केली. “आमच्या सरांचा एक फ्लेक्स वाऱ्याने उडाला...”

मला काय झालं कोण जाणे, मी उठून उभा राहिलो. “वाऱ्याने नाही,” मी म्हणालो. “मी टाकला. माझ्या हाताने, भाट्याच्या पुलावरून. तीन वर्षं मी या मुलीशी खोटं बोलतोय.” मग समितीतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्यांनी. त्यांना वाटलं, हे आमचं बसवलेलं पथनाट्य आहे. अध्यक्ष प्राचार्यांना म्हणाले, “सरांचा अभिनय फार नैसर्गिक.” प्राचार्यांनी हात जोडले. आयुष्यात एकदा खरं बोललो, त्यालाही बक्षीस मिळायची वेळ आली. टाळ्या वाजवत नव्हती ती फक्त एकटी. ती माझ्याकडे बघत होती.

समिती गेल्यावर ती माडापाशी केळीला पाणी घालत होती. मी जाऊन उभा राहिलो. “ते नाटक नव्हतं,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे, सर.”

“म्हणजे, आज कळलं तुला?”

तिने बादली खाली ठेवली, पिशवीत हात घालून चिऱ्याचा एक तांबडा तुकडा काढला. त्याला सुतळी होती, आणि सुतळीला गाठ. दाव्याची गाठ. “फ्लेक्सच्या कोपऱ्याला होता हा. बाबा तेव्हाच म्हणाले, वारा काय दगड बांधत नाय. कुणीतरी गुरंवाल्याने टाकलाय. मग व्हरांड्यात तुमची गाठ बघितली.” तिने खांदे उडवले. “नीट बांधला असतात तर तळाशी गेला असता. मग मी आलेच नसते इथे.”

“मग बोलली का नाहीस गं इतके दिवस?”

“प्रवेशाच्या दिवशी बोलणार होते. भांडायलाच आले होते मी, फ्लेक्स घेऊन. पण तुमचं तोंड बघितलं ओ. लाल झालात, पेन उलटं धरून अर्जावर सही करत होतात. म्हटलं, जाऊ दे. ह्यांना कळलंय.” मग हसून म्हणाली, “आणि नंतर तुम्ही ताटं किती छान घासायला लागलात. मध्येच कशाला मोडता घालू?”

मी बादली उचलली आणि दुसऱ्या माडाला पाणी घातलं.

ती पदवी घेऊन नाट्याला परत गेली. तिथल्या शाळेतल्या मुलांना घेऊन बंदरावर काहीतरी बांधाबांध चालू आहे असं ऐकतो. जाताना तिने त्या फ्लेक्सची पिशवी शिवून दिली. एका बाजूला माझा अर्धा चेहरा, दुसऱ्या बाजूला ‘हार्दिक’. मी तीच घेऊन मासळी बाजारात जातो. चिऱ्याचा तुकडा माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून. कॉलेजात जाळी अजून टांगलेली आहेत, करवंट्याही आहेत. शनिवारी लिलाव पुकारायचा दोन-तीन पोरींनी प्रयत्न केला, पण त्यांच्या आवाजाला जेटी नाही.

आठवड्या-दोन आठवड्यांनी माझ्या फोनवर एक फोटो येतो. होडीच्या फळीवर पसरलेलं जाळं, बांगडे, कधी एखादी चप्पल, आणि खाली तिचा एका ओळीचा निरोप, “सर, आज जाळ्यात तुम्ही नव्हतात.” मी तो दोनदा वाचतो आणि तासाला जातो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा निरोप येत नाही. त्या दोन महिन्यांत मी पहाटे भाट्याच्या पुलापर्यंत जातो, रिकाम्या हातांनी कठड्याशी थोडा वेळ उभा राहतो आणि नारळी पौर्णिमेला किती दिवस उरले ते मोजत परत फिरतो.