चढावरची टकटक

वहिनी चढाला घाबरतात, हे गॅरेजमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

गाडी पाण्याच्या टाकीकडच्या चढाला लागली की त्यांचा हात खिडकीवरच्या मुठीकडे जायचा. मागे बसलेलं गिऱ्हाईक हसायचं. "वहिनी, अजून भीती जात नाही?" वहिनी म्हणायच्या, "जीव एकच आहे, भाऊ." उस्ताद गाडी थांबवायचे. बॉनेट उघडून आत काहीतरी किंचित फिरवायचे. मग पुन्हा खालून सुरुवात.

उस्ताद म्हणजे त्यांचा नवरा. सगळीकडे त्यांना कानसेन म्हणत. नुसतं ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस, अशी ख्याती. गॅरेज म्हणजे दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी खोली, आणि मागच्या दारातून एकदम स्वयंपाकघर. वहिनी कांदा चिरता चिरता उठून पाना द्यायच्या. पान्याला कांद्याचा वास येतो आणि कांद्याला ग्रीसचा, अशी उस्तादांची तक्रार असायची.

"तरी ताट रिकामं होतं रोज," वहिनी म्हणायच्या.

मी तिथे पोचलो तो वडिलांच्या जुन्या गाडीमुळे. साहित्याची पदवी हातात होती, नोकरी नव्हती, आणि गाडी चढावर कुरकुरत होती. गाडी दुरुस्त झाली, तरी मी जातच राहिलो. वहिनी माझ्या दुप्पट वयाच्या. पण आमचं जमलं. लग्नाआधी त्या शिवणकामाच्या कारखान्यात होत्या. हॉलभर मशीनं चालू असताना कुणाची सुई आता तुटणार हे त्या आधी सांगत, म्हणून बायका त्यांना चेटकीण म्हणायच्या. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. मी ते एक गंमत म्हणून ऐकलं.

"तुझ्या पुस्तकांतली माणसं नुसती बघत असतात रे," त्या एकदा म्हणाल्या. "हे दिसलं, ते दिसलं. कुणाला काही ऐकूच येत नाही का?"

पहिल्याच दिवशी मी उस्तादांना विचारलं होतं, भारी पेट्रोल टाकलं तर गाडी जोरात पळेल का. पंपावर दोन आकडे असायचे. साध्यावर एक्याण्णव, भारीवर पंच्याण्णव. मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद, असं मी धरून चाललो होतो.

"ताकदीचा काही संबंध नाही," उस्ताद म्हणाले. "इंजिन पेट्रोलची वाफ दाबतं, मग ठिणगी पडते. साध्या पेट्रोलला फार दाब सोसत नाही. ठिणगीची आग पोचायच्या आत ते कोपऱ्यात आपलं आपणच भडकतं. मग आत टकटक होते, आणि ती फार चालली तर पिस्टन फोडते. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोल किती सोसतं त्याचा आकडा."

"घरातल्या बाईला असतो तसा," वहिनी आतून म्हणाल्या.

"तुझा पंच्याण्णवच्या वर आहे."

"मोजत बसू नका. कधीतरी भडका उडेल."

माझ्या गाडीला साधंच पुरे, असं उस्तादांनी ठरवलं. जिला गरज नाही तिला भारी पाजण्यात अर्थ नाही. तेव्हाच्या त्या गाड्यांत संगणक नव्हता. ठिणगीची वेळ हाताने लावायची. त्यासाठी इंजिनावर एक टोपीवाला डबा असतो, तो केसभर फिरवायचा. ठिणगी फार लवकर पडली तर टकटक. फार उशिरा पडली तर गाडी मरगळते, तापते. मधली जागा कुठे आहे ते चढावरच कळतं. वरच्या गिअरमध्ये गाडीला ओढायला लावायचं आणि ऐकायचं. आवाज बारीक असतो. डब्यात खडे हलवावेत तसा. चढाच्या एका अंगाला टाकीची दगडी भिंत आहे. उस्ताद तिला चिकटून गाडी नेत, काच खाली करून. आवाज भिंतीवर आपटून परत येतो.

वहिनी नेहमी पुढे बसायच्या, भिंतीच्या बाजूला. त्यांना हवा खायची असते, असं उस्ताद सांगायचे. बायकोशिवाय यांना चढ चढवत नाही, असं लोक म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात नाक्यावरच्या पंपाने भारी पेट्रोल ठेवणं बंद केलं. खप नव्हता. पंपावरचे काका प्रत्येक गाडीला खिडकीत वाकून सांगत होते, "आता साधंच आहे हो." चष्म्याला दोरी बांधलेले, सावकाश बोलणारे काका. बहुतेक गाड्यांना फरक पडला नाही. एका टॅक्सीवाल्याला पडणार होता. त्याच्या टॅक्सीचं इंजिन भारीवरच लावलेलं होतं. ते साध्यावर लावून घ्यायला तो गॅरेजमध्ये आला.

वहिनी तेव्हा बहिणीकडे गेल्या होत्या. बहिणीचं ऑपरेशन होतं.

"तुझी वहिनी आली की करू," उस्ताद म्हणाले.

टॅक्सीवाला हसला. "उस्ताद, टॅक्सी माझी, कान तुमचा. वहिनींचं काय काम? भाडी बुडतात माझी."

मी तिथेच बाकावर बसलो होतो. उस्तादांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "चल."

ते दोघंच गेले आणि लवकर परत आले. उस्ताद म्हणाले, "झालं काम. बिनधास्त साधं टाक."

काही दिवसांनी टॅक्सीवाला दोरीला बांधलेली टॅक्सी घेऊन आला. चार माणसं आणि टपावर सामान घेऊन तो डोंगरावरच्या गावाला निघाला होता. अर्ध्या वाटेत इंजिनाने धूर सोडला. उस्तादांनी इंजिन उघडलं. एका पिस्टनला भोक पडलं होतं. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.

"आवाज आला नाही का तुला?" उस्तादांनी विचारलं.

"काहीतरी वाजत होतं. मला वाटलं टपावरचं सामान वाजतंय. तुम्ही बिनधास्त म्हणाला होतात ना."

उस्ताद पिस्टन हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पेट्रोलात गडबड आहे. भेसळ."

कानसेनने सांगितलं म्हणजे विषय संपला. टॅक्सीवाला तडक पंपावर गेला. मीही गेलो. तो काकांच्या अंगावर धावून जायचाच बाकी होता. काका म्हणाले, "भाऊ, टँकर आला की मी स्वतः तपासून घेतो." कुणी ऐकलं नाही. नाक्यावर बातमी पसरली. गाड्या पलीकडच्या पंपावर जायला लागल्या. पंपाचा मालक आला. त्याने काकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की तपासणीत काही निघालं तर निघालं, पण नाही निघालं तरी लोकांचं तोंड बंद करायला कुणाला तरी काढावं लागेल. पेट्रोल उतरवून घेणारे तुम्ही. रविवारपर्यंत बघतो.

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली बायको होती, आणि त्या वयाच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार, हे नाक्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

वहिनी शनिवारी परत आल्या. मी स्वयंपाकघरात होतो. त्यांनी पिशवी खाली ठेवली, घोटभर पाणी घेतलं आणि उस्तादांनी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. मग पिस्टन मागितला. भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"चढावर कोण होतं बरोबर?"

"मी आणि तो."

"आणि ऐकलं कुणी?"

उस्ताद फडक्याने हात पुसायला लागले. मला वाटलं, वहिनी टॅक्सीवाल्याबद्दल विचारताहेत.

"अहो, मी विचारतेय. ऐकलं कुणी?"

"हा बसलाय इथे," उस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले.

"बसू दे. घरचाच आहे."

उस्ताद खुर्चीवर बसले. "अंदाजाने लावलं. हाताला सवय आहे."

"हाताला कान नसतात."

मग वहिनींनी मला सांगितलं. आवाज न चढवता, जणू भाजी कशी निवडायची ते सांगताहेत. शेजारच्या पत्रेवाल्याच्या ठोकाठोकीत उस्तादांचे कान गेले होते. सगळे नाही. बोलणं ऐकू यायचं. बारीक आवाज तेवढे गेले. फार पूर्वी एकदा चढावरून जाताना वहिनींनी विचारलं होतं, हे खडे कसले वाजतात? उस्ताद म्हणाले होते, कसले खडे? दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढताना ते म्हणाले, येतेस का जरा चढापर्यंत? एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. टकटक सुरू झाली की वहिनी खिडकीवरची ती मूठ धरायच्या.

मी कितीतरी वेळा त्यांच्या मागे बसलो होतो. त्यांचा तो हात पाहिला होता.

"आता पंपावर जाऊन सांगा," वहिनी म्हणाल्या.

"काय सांगू? कानसेन बहिरा आहे?"

"पेट्रोल चांगलं आहे, एवढं सांगा."

"मग बिघडवलं कुणी, हे विचारतीलच. माझी लाज जाईल. गिऱ्हाईक जाईल. तुला चालेल?"

"नाही चालणार. पण त्या काकांच्या पोटावर पाय देऊन राखलेली लाज मला रोज सकाळी बघवणार नाही."

"तूच सांग मग."

"मी नाही सांगणार," वहिनी म्हणाल्या. "मी सांगितलं तर तुम्ही आयुष्यभर बोलायला माझ्या तोंडाकडे बघाल. नाव तुमचं आहे. काय करायचं ते तुम्ही करा."

त्या उठल्या आणि पिशवीतले कपडे काढायला लागल्या. उस्ताद बसून राहिले. चहा तसाच निवला.

रविवारी सकाळी उस्ताद माझ्या दारात आले. दाढी केलेली, शर्ट धुतलेला. म्हणाले, "तुझी गाडी पाहिजे. टाकी जवळजवळ रिकामी असेल तर बरं."

"रिकामीच असते," मी म्हणालो.

आम्ही पंपावर गेलो. वहिनी पुढे बसल्या होत्या. काकांनी माझ्या गाडीत साधं पेट्रोल भरलं. भरताना थेंबभर बाहेर सांडलं. पंपाचा मालक उभा होता, टॅक्सीवाल्यालाही उस्तादांनी बोलावून घेतलं होतं. उस्ताद म्हणाले, "दोघंही बसा मागे. चढावर जाऊन येऊ." मागे आम्ही तिघं. मालक वजनदार होता, मी दाराला चिकटलो.

"कानसेन पेट्रोलची परीक्षा घेणार," टॅक्सीवाला म्हणाला.

कुणी हसलं नाही.

भिंतीजवळून गाडी वर निघाली. काचा खाली. वरचा गिअर. गाडी धापा टाकत होती पण आवाज एकसारखा होता. टाकीपाशी पोचल्यावर उस्तादांनी विचारलं, "काही वाजलं?"

"काही नाही," मालक म्हणाला.

"हेच पेट्रोल. हीच चढण. ही गाडी साध्यावर नीट लावलेली आहे."

मालकाने भुवया उंचावल्या. "मग टॅक्सीचं काय झालं?"

उस्ताद गाडी खाली घेऊन आले. उतरून बॉनेट उघडलं. तो डबा त्यांनी फिरवला, केसभर नाही, चांगलाच. वहिनी समोर बघत बसल्या होत्या. हात मांडीवर. उस्ताद परत आत बसले, गाडी पुन्हा चढाला लावली. या वेळी अर्ध्यावर पोचायच्या आतच सुरू झालं. डब्यात खडे. भिंतीवरून परत येणारे खडे.

"आता?" उस्तादांनी विचारलं.

"आता वाजतंय की," टॅक्सीवाला म्हणाला. "चांगलंच वाजतंय. हेच वाजत होतं तेव्हा."

"तुम्हाला येतंय ऐकू?" त्यांनी मालकाला विचारलं.

"येतंय."

"तुला?"

"येतंय," मी म्हणालो.

उस्तादांनी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते.

"मला नाही येत," ते म्हणाले. "बरीच वर्षं नाही येत. आजवर तुमच्या गाड्या हिने ऐकल्या. तुझी टॅक्सी ऐकायला ही नव्हती. मी अंदाजाने लावली, आणि पेट्रोलवर ढकललं. पेट्रोल चांगलं आहे. त्या माणसाला काढू नका."

मालकाने खिशातून रुमाल काढला, काही न पुसता परत ठेवला. मग म्हणाला, "गाडी घ्या खाली. काकांना सांगून टाकू, ताटकळलेत."

टॅक्सीवाला मात्र वहिनींच्या पाठीकडे बघत होता. "म्हणजे ती मूठ..." तो म्हणाला आणि थांबला. मग उस्तादांना म्हणाला, "आणि माझं इंजिन?"

"मी बांधून देतो. नव्यासारखं."

"राग आलाय मला, उस्ताद. सांगून ठेवतो."

"येऊ दे," उस्ताद म्हणाले. "रागावून बसायलाच ये गॅरेजमध्ये. सामान काढायला दोन हात लागतील."

तो खरोखरच आला. रोज रागावत आला. इंजिन बांधून होईपर्यंत बाकावर माझ्या शेजारी बसायचा, उस्तादांना टोमणे मारायचा आणि वहिनींच्या हातचा चहा प्यायचा. काही गिऱ्हाईकं गेली. उस्तादांचं कानसेन हे नावही गेलं, हळूहळू. काका पंपावरच राहिले.

टॅक्सी चढावर न्यायचा दिवस आला. उस्ताद चालवायला बसले, वहिनी पुढे, आम्ही दोघं मागे. टॅक्सीवाल्याला धीर निघत नव्हता. गाडी भिंतीपाशी पोचते न पोचते तोच तो पुढे वाकला. "वहिनी, येतंय का काही? साधं झेपेल ना तिला? की दूरच्या पंपावरून भारी आणत जाऊ? उस्ताद, तुम्हाला काय वाटतं?"

वहिनी मागे वळल्या.

"दोघंही तोंड बंद ठेवा," त्या म्हणाल्या. "ऐकू द्या मला."

उस्तादांनी गाडी भिंतीच्या आणखी जवळ घेतली.