बाटलीतलं पाणी

इंगळे सिस्टरांना ‘समजलं’ या शब्दाची चीड होती. पेशंटच्या नातेवाइकाला गोळ्या समजावून झाल्या आणि त्याने मान डोलावून ‘समजलं’ म्हटलं, की त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. ‘समजलं म्हन्जे काईच नाई समजलं. आता तुम्ही मले सांगा, मी काय सांगतलं ते.’ मग तो बिचारा अडखळत सांगे, चुके, पुन्हा सांगे. मागे रांग वाढे. एकदा नव्या डॉक्टरांनी घाईघाईत इंजेक्शनचा डोस सांगितला, तर सिस्टरांनी तो त्यांनाच जसाच्या तसा म्हणून दाखवला आणि विचारलं, ‘असंच ना, साहेब?’ साहेबांनी गुपचूप निम्मा केला.

खामगावात एका ट्रस्टच्या लहानशा दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. ठेंगणी, सावळी बाई. मनगटावर पुरुषी घड्याळ. आणि आवाज असा, की त्यांनी वॉर्डात हाक मारली तर फाटकाबाहेरचा चहावाला ओ द्यायचा. मला त्या ‘पोरी’ म्हणत. मी पहिल्या वर्गात पास झालेली, तोरा भलताच. त्यांची ही उजळणी मला निव्वळ वेळेचा नास वाटे.

एका आठवड्यात त्या भाच्याच्या लग्नाला नांदुऱ्याला गेल्या होत्या. उंद्रीच्या वच्छलाबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या स्तनात गाठ होती. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला. तो अकोल्याच्या लॅबमध्ये तपासल्याशिवाय गाठ साधी की कॅन्सरची हे कळणार नव्हतं. औषधी पाण्याच्या बाटलीत तुकडा घालून मी ती त्यांच्या नवऱ्याच्या, नामदेवभाऊंच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘अकोल्याला नेऊन द्या. समजलं?’ ते म्हणाले, ‘समजलं, बाई.’ त्या पाण्यावरच तुकडा टिकतो, ते सांडायचं नाही, बदलायचं नाही, हे मी सांगितलंच नाही. माझी ड्युटी संपत आली होती.

एस.टी.त त्या पाण्याच्या वासाने डोळे चुरचुरायला लागले. शेजारचे ओरडले. बाळापूरला उतरून नामदेवभाऊंनी एका हॉटेलाच्या नळावर बाटली ओतली, घासून धुतली आणि माठातलं स्वच्छ पाणी तिच्यात भरलं. अकोल्याला पोचेतो लॅब बंद. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी त्यांनी बाटली दिली, तेव्हा चैत्रातल्या उकाड्याने तुकडा सडला होता.

ते परत आले त्या दिवशी सिस्टर रुजू झाल्या होत्या. लॅबची चिठ्ठी वाचून त्यांनी विचारलं, ‘पाणी काऊन बदललं, भाऊ?’

‘लय वास मारे, बाई. हिच्या अंगाचा तुकडा होता तो. अशा घाण पाण्यात कसा नेऊ?’

सिस्टर माझ्याकडे वळल्या. ‘तू सांगतलं होतं न, पोरी?’

मी म्हणाले, ‘हो. सांगितलं होतं.’

नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस मला तोंडावर खोटं पाडणार. ते खाली बघत म्हणाले, ‘सांगतलं असन. माह्याच ध्यानात राह्यलं नसन.’

डॉक्टरांनी दुसरा तुकडा मागितला. वच्छलाबाईंनी पदर घट्ट आवळला. ‘गाठीले लोखंड लागलं का ते पसरते. एकदा लागलं तेच पुष्कळ झालं.’ सिस्टर तासभर त्यांच्या खाटेवर बसल्या. तपासल्याने गाठ पसरत नाही, न तपासल्याने ती वाढते, हे दहा तऱ्हांनी सांगून पाहिलं. नवऱ्याचं एरवी त्या ऐकत असत. पण नामदेवभाऊ समजावायला लागले की त्या म्हणत, ‘तुमाले एक बाटली धड नेता आली नाई.’ माझ्या एका खोट्या शब्दाने त्या माणसाचं घरातलं तोंडच बंद झालं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी ड्रेसिंगचा ट्रे आवरत राहिले.

वच्छलाबाई घरी गेल्या. कुणाच्या तरी जडीबुटीत आठ महिने गेले. परत आल्या तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती. आता त्यांनी तपासणीला नाही म्हटलं नाही, पण रोग हाडांपर्यंत गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आपल्या हातात उरलं आहे.

एवढंच म्हणजे किती, ते सिस्टरांनी मला दाखवलं. दर रविवारी, स्वतःच्या सुट्टीत, त्या मला घेऊन उंद्रीला जायच्या. पहिल्या रविवारी पाहिलं तर वास येतो म्हणून सासूने वच्छलाबाईंची खाट गोठ्याकडच्या पडवीत टाकलेली. सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली, खाटेचा एक पाय धरला आणि म्हणाल्या, ‘धर पोरी तिकून.’ खाट पुढच्या खोलीत, दाराच्या उजेडात आली. सासू पुटपुटली, तर म्हणाल्या, ‘वास जखमेचा आहे, मायबाई, सुनेचा नोहे.’

जखमेला चिकटलेली पट्टी त्या कधी ओढत नसत. मिठाच्या उकळलेल्या पाण्याने भिजवून, ती आपणहून सुटेपर्यंत गप्पा मारत बसत. मग डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची पूड जखमेवर भुरभुरत. वास खरंच कमी होई. मी एकदा पदर नाकाशी नेला, तर घराबाहेर आल्यावर दंडाला धरून म्हणाल्या, ‘तू नाक झाकलं का ते बाई मराच्या आंधी मरते.’ दुखण्याच्या गोळीबद्दल त्यांचा एकच हट्ट असे. दुखायची वाट पाहायची नाही, गोळी घड्याळावर द्यायची. अखेर मनगटावरचं ते पुरुषी घड्याळ त्यांनी काढून नामदेवभाऊंना दिलं. त्या माणसाने शेवटपर्यंत एक वेळ चुकवली नाही.

फाल्गुनात वच्छलाबाई गेल्या, फारशा न तळमळता. त्यानंतरच्या रविवारी आम्ही भेटायला गेलो. नामदेवभाऊ घड्याळ परत द्यायला लागले आणि त्यांचा बांध फुटला. ‘माह्याच हातानं गेली ते, बाई. ते पाणी मी फेकलं.’ सिस्टर म्हणाल्या, ‘बिमारीनं गेली, भाऊ. अन् घड्याळ राहू द्या.’ मी शेजारीच बसले होते. तेव्हा बोलायला हवं होतं. त्याआधी, डॉक्टरांनी दुसरा तुकडा मागितला तेव्हा तर नक्कीच बोलायला हवं होतं.

बोलले ते सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी. हार, फोटो झाल्यावर त्यांना औषधांच्या खोलीत नेलं आणि रडत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, डोक्यावर हात ठेवतील, ‘जाऊ दे पोरी’ म्हणतील. त्यांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

‘मले काऊन सांगून राह्यली? माहं काय गेलं त्याच्यात? त्याले सांग. तो माणूस अजून जिता आहे.’

एवढं म्हणून त्या चहा घ्यायला बाहेर गेल्या. पुढे भेटल्या तेव्हा माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत, पण ‘सांगतलं का?’ हे त्यांनी कधीच विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

आता वॉर्ड माझ्या ताब्यात आहे. नामदेवभाऊ दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. थकले आहेत, कमी ऐकू येतं. मला पाहिलं की हात जोडतात. सोबत कुणी असलं तर त्याला सांगतात, ‘या बाईनं हिची लय सेवा केली.’ मागच्या सोमवारी ओ.पी.डी. रिकामी होती. मी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, ‘बसा भाऊ, तुम्हाला एक सांगायचं आहे.’

ते बसले. नीट ऐकू यावं म्हणून कान माझ्याकडे केला.

मी त्यांना सांगितलं, मीठ कमी खा.