सामानाजवळची प्रेमा

मी तोंडाची फटकळ. भटवाडीत कुणालाही विचारा, सुलक्षणा वहिनी म्हणजे पोटात काही ठेवणार नाही. पण ही गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवली, कारण यात चुकलं ते माझंच.

प्रेमा माझी नणंद. माझ्याहून चार वर्षांनी लहान, आता चोपन्नची. पोलिओने उजवा पाय अगदी तान्हेपणीच गेला. पायाला पट्ट्यांचा बूट, काखेत कुबडी. लग्न झालं नाही. जमवायला कुणी फार धडपडलंही नाही, खोटं कशाला बोलू? घरीच साड्यांना फॉल लावते. इकडच्या अर्ध्याअधिक बायका तिने फॉल लावलेल्या साड्या नेसून लग्नाकार्यात मिरवतात, आणि हिला मात्र त्या लग्नांत कुणी पुढे बोलावत नाही.

मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात सगळे जुहूला गेलो होतो. वाळूत चादर अंथरली नि सासूबाई म्हणाल्या, "प्रेमा बसतली सामानाकडे, तिका खंय धावूचा आसा!" सगळे हसले. प्रेमाही हसली. मी नवी नवरी, मीही हसले आणि माझी पर्स तिच्या मांडीवर ठेवून पाण्यात गेले. ते जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. बारसं असो, साखरपुडा असो, मंडळाची पिकनिक असो, सामान कोण बघणार? प्रेमा आहे ना! चपला, पिशव्या, ओले कपडे, पोरांच्या दुधाच्या बाटल्या. कुणाचं काय ते तिला तोंडपाठ. मंडळातल्या बायकांनी नावच पाडलं, सामानाजवळची प्रेमा.

आमच्या महिला मंडळाची पिकनिक दर जानेवारीत हायवेवरच्या त्या मोठ्या पार्कात जाते, पाण्याच्या घसरगुंड्या नि आकाशपाळणा आहे तिथे. प्रेमाची जागा ठरलेली. आत शिरल्यावर डाव्या हाताला बदामाचं झाड, त्याखाली बाक. बाकामागे निळ्या पत्र्याच्या दारांची एक रांग आहे, तिला पाठ टेकून ही बसायची. आम्ही संध्याकाळी भिजून, ओरडून घसे बसवून यायचो, तेव्हा हिच्या मांडीवर टॉवेल घडी करून तयार.

एकदा फॉल लावता लावता मला म्हणाली, "वयनी, गावच्या जत्रेत बाबांनी मला उचलून पाळण्यात बसवलं होतं गं. सहा वर्षांची होते. वरून त्यांनी आपली खाडी दाखवली. परत एकदा बसायचंय बघ." मी म्हटलं, "बसू या की!" म्हणायला काय जातं? बाबा गेले, आणि तिला उचलून बसवायचं नंतर कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

मागच्या वर्षी पार्कच्या खिडकीवर अस्मिता नावाची एक मुलगी होती. तिने कुबडी पाहिली नि बाहेरच आली. "मावशी, आपल्याकडे बॅटरीची स्कूटर आहे. दिव्यांगाचं कार्ड आहे ना?" कार्ड बघून तिने प्रेमाच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. "आता तुम्ही रांगेत उभं नाही राहायचं. बाजूच्या फाटकातून थेट आत. आकाशपाळणा तर थांबवून बसवतात. फक्त सोबतीला एक मोठं माणूस लागेल."

प्रेमाने माझ्याकडे पाहिलं. "वयनी, येशील?"

"म्हणजे काय! येणारच."

स्कूटरवर बसली आणि पहिल्या झटक्यात कुंडीला धडकली. असली हसली की डोळ्यांत पाणी. मग हात बसला. सुसाट पुढे गेली, वळून थांबली आणि ओरडली, "अगं चला की, किती हळू चालता!" आयुष्यात पहिल्यांदा तिला आमच्यासाठी थांबावं लागत होतं. मंडळातली दर्शना म्हणाली, "प्रेमाताई, झकास!"

आणि त्या स्कूटरला पुढे एक टोपली होती.

पहिली पिशवी माझीच पडली तिच्यात. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपसूक गेला. मग दर्शनाची पर्स, मग बाकीच्यांच्या. टोपली भरली तशा हँडलला लटकवल्या, पाय ठेवायच्या जागेत चपला. कुणीतरी म्हणालं, "बरं झालं बाई, आता उचलायलाही नको." प्रेमा हसली नाही त्या वेळी. ते मी पाहिलं होतं. आंधळी नव्हते.

माझी नात श्रुतिका घसरगुंडीसाठी हात ओढत होती. मी म्हटलं, "प्रेमा, दहा मिनिटांत आले. मग पाळणा." गेले. एक घसरगुंडी झाली, दुसरी झाली, लाटांचं पाणी झालं, जेवण झालं. प्रेमाचं ताट श्रुतिकाच्या हाती पाठवलं. मनात येत होतं, पण म्हटलं, पाळणा काय पळून जातोय?

परत आले तेव्हा साडेपाच वाजले होते. बदामाच्या झाडाखाली, त्याच बाकाशेजारी स्कूटर उभी, वरपासून खालपर्यंत पिशव्यांनी लादलेली, आणि मध्ये प्रेमा. एवढं सामान घेऊन ती जाणार कुठे? फोन करून मला बोलवावं, तर माझा फोन तिच्याच टोपलीत. आकाशपाळणा पाचला बंद झाला होता.

"असू दे गं," ती म्हणाली. "श्रुतिकाने मजा केली ना?"

स्कूटर परत करताना त्या अस्मिताने हौसेने विचारलं, "मावशी, बसलात का पाळण्यात?"

"हो, बसले ना!" प्रेमा म्हणाली. "वरून काय छान दिसतं!" मी शेजारीच उभी होते, माझी लाज राखण्यासाठी ती खोटं बोलत होती. त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

या जानेवारीत परत पिकनिक ठरली. मी आधीच तिच्याजवळ जाऊन बसले. "या वेळी आत शिरल्या शिरल्या पाळणा. तुझ्या पाया पडते, चल."

"नाही गं. खांदा गेलाय माझा. कुबडी धरवत नाही. पाळण्यात चढवायला दोन माणसं लागतील."

"दहा लावीन."

"नको, वयनी. तुम्ही जाऊन या." मग फॉलची कड जुळवत सहज म्हणाली, "आणि सामानाचं टेन्शन नका घेऊ. तिथे लॉकर मिळतात. मी बसायचे ना, त्या बाकाच्या मागेच. ती निळी दारं."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग बोलली का नाहीस गं कधी?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिने दोरा दातांनी तोडला, सुई उशीला टोचून ठेवली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"लॉकर घेतला असतात, तर मला कशाला नेलं असतंत, वयनी?"