लिंबातला खिळा

खिळ्यांशी एवढं वैर धरलेला माणूस उभ्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका दिंद्रुडात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आमचे हे आरा मशीनवाले चाचा. त्यांचा आरा सुरू झाला की माझ्या घरातली भांडी थरथरतात, दुपारची झोप मोडते आणि वाळत घातलेल्या पापडांवर भुसा बसतो. तरी मी कधी तक्रार केली नाही, कारण आरा जेवढा चालतो त्याच्या दुप्पट वेळ बंद असतो. तेवढ्या वेळात चाचा ओंडक्याची चौकशी करत असतात.

मुलीला स्थळ आलं तर बापही करणार नाही अशी ती चौकशी. झाड कुणाच्या दारातलं, त्याला म्हैस बांधत होता का, निवडणुकीत कुणाचा बोर्ड लावला होता, पोरांनी झोका कशाला अडकवला होता. लाकडाच्या पोटात जुना खिळा असला की आऱ्याचं पातं तुटतं, हे मान्य. पण दसऱ्यानंतर एक ऊसतोड कामगार गाडीचं जू करायला बाभूळ घेऊन आला, त्याला कारखान्याला निघायची घाई, आणि चाचांनी त्याला चहा पाजून थेट आजोबापासून सुरुवात करायला लावली. तो वैतागून म्हणाला, "घरचीच बाभळ हाय चाचा. तिच्यात खिळा कावून आसंल?"

"घरच्याच झाडाला माणूस खिळा ठोकतो बे," चाचा म्हणाले. "परक्याच्या झाडाला कोण ठोकू देतंय?"

हे वाक्य गावात प्रत्येकानं एकदा तरी ऐकलेलं आहे. जावयानं त्यांना खिळे शोधणारं यंत्र आणून दिलं होतं. ते पहिल्यांदा चाचांच्या कमरेच्या किल्ल्यांपाशीच वाजलं. "ह्याला किल्ली न् खिळा कळंना, बाभळीचं काय कळणार," म्हणत त्यांनी ते खुंटीला टांगलं, ते अजून तिथंच आहे.

मागच्या उन्हाळ्यात वादळानं चाचांच्या अंगणातला कडुलिंब पाडला. चाची जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि लिंब चाचींनीच लावलेला. बीडला लेकीचं घर बांधायला काढलेलं. तिच्या दाराची चौकट अम्मीच्या लिंबाचीच होणार, हे चाचांनी जाहीर करून टाकलं. कामाचं खोड एवढंच निघालं होतं. ते बिघडलं तर लिंबाची चौकट राहिलीच.

लाकूड कापायचं त्या दिवशी लेक मुद्दाम बीडहून आली. चाचांनी ओंडका सरळ मशीनवर चढवला. मी भिंतीवरून विचारलं, "चाचा, चौकशी?"

"माझ्या घरचं झाड हाय," ते म्हणाले. "मला ठाव न्हाई व्हय?"

हातभर आत गेल्यावर पातं कडकन तुटलं. सुदैवानं कुणाला लागलं नाही, लाकूडही चौकटीपुरतं वाचलं. चाचांनी पटाशीनं कोरून खिळा बाहेर काढला. त्याच्याभोवतीचं लाकूड काळं पडलं होतं. माझ्याकडे एक झणझणीत टोमणा तयार होता, पण लेकीकडे बघून मी तो गिळला.

"अम्मीनं ठोकलता," ती म्हणाली. "साळंला जायच्या आधी माझ्या वेण्या घालायची, तवा त्याला आरसा टांगायची. तुमी मशीनवर असायचे अब्बा, तुमची हिकडं पाठ."

चाचा खिळा हातात घेऊन भुशात बसून राहिले. "गावभरच्या झाडांचं इचारलं," एवढंच म्हणाले. "आपल्या दारात न्हाई इचारलं."

चौकट बसवली तेव्हा मीही बीडला गेलो होतो. चाचांनी खिशातून तो खिळा काढला, दगडावर ठोकून सरळ केला आणि चौकटीला लावला. सुतार अडवायला धावला, पण जन्मभर खिळ्यांना शिव्या घालणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं नव्या लाकडात खिळा ठोकला. मग मागे सरून, डोळे बारीक करून त्यांनी लेकीला विचारलं, "लई वर झाला का?"

ती खिळ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"न्हाई अब्बा," ती म्हणाली. "अम्मीचा बी एवढाच वर व्हता."