बंद बटणाचा उजेड

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. भरे गावातल्या नथूतात्यांचं तोंड कधी पोळल्याचं कुणाला आठवत नाही, तरी ते जन्मभर ताक फुंकूनच पीत आलेत. कंपनीनं जमीन घेतली तेव्हा मोजणीवाल्यांच्या मागून ते स्वतःची दोरी घेऊन फिरले. त्या पैशातून घरामागं भाड्याच्या खोल्या बांधल्या. भाडेकरू आला की त्याच्या आधार कार्डावरचा फोटो ते चेहऱ्याशी ताडून बघतात, आणि जुळला तरी हळूच म्हणतात, "जुळा भाऊ असंल." गावाला याचं कौतुक. नथू कुणाला फसायचा नाही, असं म्हातारी माणसं पोरांना सांगतात.

त्याच घरात त्यांच्या बायकोचा, सारजाकाकींचाही एक संशय होता, एकच, आणि त्याचं मात्र कुणालाच कौतुक नव्हतं. त्यांचा संशय मोरीतल्या बल्बच्या पितळी होल्डरवर होता. "बटन बंद केलं तरी त्यो चावतो," असं त्या सांगायच्या. एकदा ओल्या फडक्यानं बल्ब पुसताना त्यांचा हात खांद्यापर्यंत झिणझिणला होता. तेव्हापासून त्यांनी त्या होल्डरला हात लावला नाही. मोरीला खिडकी नाही, तरी काकी दार किलकिलं ठेवून, बाहेरच्या उजेडात अंघोळ उरकायच्या. त्या दिव्याचं बटणही दाबायच्या नाहीत.

तात्यांना हे पटेना. "बटन बंद म्हंजी करंट बंद. बंद होल्डर चावायला ते काय कुत्रं हाय?" असं ते चारचौघांत म्हणायचे. दिवाळीच्या साफसफाईत घरातले सगळे बल्ब लख्ख व्हायचे, मोरीतला तेवढा काळा राहायचा. फराळाला आलेल्या पाहुण्यांना तात्या मुद्दाम मोरीचं दार उघडून तो दाखवायचे. "आमच्या मंडळींचं भूत हितं राहतं," म्हणायचे. लोक हसायचे. काकी चकलीचं ताट पुढं सरकवायच्या.

हे मला ठाऊक, कारण घोटावड्याच्या रस्त्याला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि तात्यांच्या घरातला दर दुसरा स्क्रू माझ्याकडचा आहे. विकलेल्या प्रत्येक स्क्रूवर माझी उलटतपासणी झालेली आहे.

यंदा उन्हाळ्यात तात्यांची सून वैष्णवी दुकानात आली. हिंजवडीला नोकरी करते, बोलायला चटपटीत. "जालिंदरभाऊ, घरभर एलईडी द्या. ते पिवळे बल्ब उन्हाळ्यात शेगडीसारखे तापतात, आणि बिल बघून सासरे आमच्याकडं बघतात," म्हणाली. मी चांगल्यातले बल्ब बांधून दिले. एक सांगायचं राहिलं होतं, तेही सांगितलं, "तात्या येतील भांडायला." ती हसली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तात्या दुकानात हजर.

"जालिंदर, ह्यो बल्ब गरम का व्हत न्हाई?"

"वीज उष्णतेत वाया जात न्हाई म्हणून, तात्या. बरीचशी उजेडातच जाती."

"जे तापत न्हाई ते जळतं कसं? चुलीत जाळ हाय आन् तवा गार, असं कुटं बघितलंय व्हय?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी जाऊन स्वतः परीक्षा मांडली. घरातलं सगळं बंद करून आधी जुना बल्ब लावला, मग नवा, आणि खुर्ची टाकून मीटरसमोर बसले. मीटरचा लाल ठिपका जुन्या बल्बला भराभर लुकलुकत होता, नव्याला डुलक्या घ्यायला लागला. दुसरा कुणी असता तर बल्ब चांगला म्हणाला असता. तात्यांनी निष्कर्ष काढला की मीटरही बल्बवाल्यांना सामील आहे. पुढं बिल कमी आलं तेव्हा तर त्यांचा संशय पक्का झाला. "आत्ता कमी देत्यात. सवय लागली की धरत्यात."

खरं सांगायचं तर मला या माणसाची गंमत वाटायची. गिऱ्हाईक म्हणून वैताग, पण गंमतही.

मग एका दुपारी तात्या आले ते जिंकल्यासारखे. टॉवेलात गुंडाळलेला बल्ब त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवला.

"घावला चोर," म्हणाले. "मोरीतला हाय. बटन बंद करून दार लावलं, तर हा आतल्या आत मिणमिणतोय. म्हंजी रातंदिस करंट खातोय, आन् आमी म्हणतोय बचत."

मी बल्ब दुकानातल्या होल्डरला लावला. लावला की लागला, बंद केला की ठार बंद. तात्यांनी काचेला दोन्ही हातांनी आडोसा करून आत डोकावून बघितलं. काहीच मिणमिणत नव्हतं.

"तुझा होल्डर शिकवलेला हाय," ते म्हणाले. "घरी चल."

माझ्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकली होती. खिशात टेस्टर टाकला आणि त्यांच्या गाडीवर मागं बसलो.

मोरीत बल्ब परत लावून मी बटण बंद केलं, दार ओढून घेतलं. तात्या खोटं बोलत नव्हते. अंधारात बल्ब चंद्र ढगाआड गेल्यावर दिसतो तसा फिकट दिसत होता. मी बॅटरी लावली, कोरडं स्टूल मागितलं, बल्ब काढला आणि बटण बंद असतानाच टेस्टरचं टोक होल्डरच्या पिनेला लावलं.

टेस्टर पेटला.

सारजाकाकी दाराशी येऊन उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत तात्यांनी टेस्टर माझ्या हातातून घेतला. "बिघडलाय ह्यो," म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेले. तिथल्या प्लगमध्ये घालून बघितला, बरोबर पेटला. तिथलं बटण बंद केलं, बरोबर विझला. परत आले, स्टुलावर चढून होल्डरला लावला. पेटला.

"असं कसं?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"पाइपलाइनचं बघा, तात्या," मी म्हणालो. "वाल्व मोटरीजवळ लावला तर बंद केल्यावर पुढचा पाइप रिकामा राहतो. पण वाल्व पार शेवटाला लावला तर? पाणी दिसत न्हाई, पाइप भरलेलाच. हितं बटण चुकीच्या वायरीवर बसलंय. दिवा बंद व्हतो, पण करंट होल्डरपतुर येऊन थांबलेला असतो. ओला हात लागला की तिथून माणसात जातो."

"मग जुना बल्ब का न्हाई मिणमिणला इतकी वर्सं?"

"तो जाडजूड गडी. भिंतीच्या ओलीतून झिरपणाऱ्या एवढ्याशा करंटानं हलत नव्हता. ह्यो हलका, जरा चाहूल लागली की जागा व्हतो. खात काय न्हाई, मीटरला कळणारबी न्हाई. बल्ब चांगला हाय, तात्या. वायरिंग वाईट हाय."

मी सवयीनं विचारून गेलो, "कुणी केलं हे वायरिंग?"

मग मलाच आठवलं. मोरी घरात घेतली तेव्हा वायरमन फसवतो म्हणून तात्यांनी स्वतःच काम केलं होतं. विहिरीवरची मोटर स्वतः जोडणाऱ्याला एक दिवा काय अवघड? एका शेडच्या कामावरून उरलेलं काळ्या वायरीचं भेंडोळं त्यांनी आणलं होतं. येणारी वायर काळी, जाणारी काळी. कुठली कुठली, हे त्यांनी अंदाजानं ठरवलं होतं. सगळ्या जगाला दोरी लावून मोजणाऱ्या माणसानं तेवढं एक काम न मोजता केलं होतं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं.

तात्या स्टुलावरून उतरले. काकींकडं न बघता टेस्टर पुसत राहिले.

"इतकी वर्सं मी सांगत व्हते," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्यावर न्हाई बसला इस्वास. बसायचा तर ह्या टीचभर दांडीवर बसला."

मला त्या घडीला तात्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. म्हातारा मोरीच्या उंबऱ्यावर बसला होता. बायको मेली असती, हे त्याला तेव्हा कळत होतं. दर दिवाळीला पाहुणे बोलावून आपण कशाला हसत होतो, तेही कळत होतं. त्यांनी हात जोडले नाहीत की माफी मागितली नाही, त्यांच्या पिढीला ते जमत नाही. फक्त म्हणाले, "जालिंदर, उद्या वायरमन धाड. आन् मी हात लावीन म्हणालो तर लावू देऊ नको."

माझ्या ओळखीचा राजू वायरमन दुसऱ्या दिवशी गेला. त्यानं मोरीची वायर बदलली, घरातली बाकीची बटणं तपासली. तात्या त्याच्या मागं मागं होते, पण हात पाठीशी बांधून. मोरीतला नवा बल्ब आता बटणासरशी विझतो. काकी दार लावून, दिवा लावून अंघोळ करतात, असं वैष्णवीनं मला सांगितलं. बाकी तात्या होते तसेच आहेत. बिल कमी येतं आणि ते अजून म्हणतात, "धरतील, बघ."

दिवाळीच्या आधी मी वसुलीसाठी त्यांच्याकडं गेलो होतो. घरात साफसफाई चालली होती. मोरीच्या दारात स्टूल होतं आणि तात्यांच्या हातात कोरडं फडकं. तो बल्ब पुसायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं.

"थांबा," काकी बाहेरून म्हणाल्या. "बटनावर माझा इस्वास न्हाई. मी मेन पाडते." बाहेरच्या खोलीत खटका पडल्याचा आवाज आला. "पाडला. चढा आता."

मला वाटलं, तात्या टेस्टर मागतील. निदान बाहेर जाऊन मेन स्विच स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. त्यांनी एकदा बाहेरच्या खोलीकडं मान वळवली. मग काहीच न बघता ते स्टुलावर चढले आणि होल्डरला हात घातला.