उंबऱ्याबाहेरची खूण

मिसबाईंनी माझी खूण उंबऱ्याच्या बाहेर काढली.

खडूचा तो लहानसा गोल माझ्या ओळखीचा होता. आमच्या मिशनच्या शाळेत गायनाच्या तासाला तो रोज जमिनीवर असायचा. आम्ही मुली रांगेत उभ्या राहून एकच गाणं चार वेगवेगळ्या सुरांत गायचो. मध्ये एक तुकडा यायचा, तो एकटीनंच गायचा. ती एकटी म्हणजे मी. माझा तुकडा आला की रांगेतून पुढं यायचं, गोलात उभं राहायचं. बाकीच्या आवाज बारीक करायच्या. गाणं शिकवणाऱ्या मिसबाई सांगायच्या, "गोलात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. लोकांना आधी माणूस दिसलं पाहिजे, मग आवाज."

हा नियम त्यांचाच.

त्या दिवशी आम्ही हिंगोलीत एका वकिलांच्या बंगल्यावर गेलो होतो. निजामाचे मोठे अधिकारी, तालुकदारसाहेब, तिथं येणार होते. शाळेला नवी खोली बांधायची होती आणि परवानगी त्यांच्या हातात होती. दिवाणखान्यात पायपेटी आणून ठेवलेली. आम्ही आत शिरत होतो, तेवढ्यात वकिलीणबाईंनी मला पाहिलं.

"ही साखऱ्याची ना? सनईवाल्याची?"

मी मान हलवली. मला वाटलं, कौतुकानं विचारतायत.

वकिलांची शेती आमच्या गावाला, साखऱ्याला होती. त्यांच्या घरचं प्रत्येक लग्न माझ्या बापानं वाजवलेलं, मांडवाच्या बाहेर बसून. आम्ही मांग. आई गेल्यावर बापानं मला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं, पण त्याची सनई त्याच दारांवर वाजत राहिली. आजही साहेबांच्या स्वागताला तो फाटकाशी बसला होता.

वकिलीणबाई मिसबाईंना बाजूला घेऊन बोलल्या. आवाज मात्र खाली केला नाही.

"बाकीच्या पोरी कुठल्या, आमाला ठावं न्हाई. आमी इचारत बी न्हाई. पण हिचा बाप या घडीला आमच्या फाटकात बसून राहिला. त्याला भाईर बसवायचं अन् पोरीला दिवाणखान्यात घ्यायचं? पलीकडं देवघर हाय." मग हसल्या. "आवाज येऊ द्या की आत. त्याला कोण अडवून राहिलं?"

रांगेतल्या कितीतरी मुली माझ्यासारख्याच घरांतल्या होत्या. त्या खाली बघत राहिल्या. एक जरी बोलली असती, तरी तिचीही चौकशी झाली असती.

मिसबाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता त्या आम्हाला सगळ्यांना घेऊन परत निघतील. त्यांनी झोळीतून खडू काढला, व्हरांड्यात आल्या, वाकल्या आणि फरशीवर गोल काढला.

"फक्त आजच्या दिवस, मुली. घर त्यांचं आहे."

मी बाहेर उभी राहिले. दाराला बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा होता. आतली रांग त्यातून अंधुक दिसत होती. माझ्या जागी मोकळी जागाही ठेवली नव्हती, मुली सरकून उभ्या राहिल्या होत्या.

मागून बापाचा आवाज आला. तो फाटकापासून उठून कुंपणाशी आला होता. डोक्याला धुतलेला फेटा.

"बरं झालं बाय, भाईर हाईस. आत असतीस तर नुसतं आयकू आलं असतं. आता दिसून बी राहिलीस."

त्याच्याबरोबर हलगी वाजवणारा माझा चुलता होता. बाप त्याला समजावू लागला, "नीट आयक. पोरी चार वाटांनं जातील, तवा घाबरू नको. शेवटी समद्या एकाच घरी येतात."

"अन् वाट चुकली तर?"

"तर माझी लेक हाक मारती."

दोघं हसले. बाप खरंच खूश होता. पुढं पडदा, मागं खूश बाप, आणि मधे मी. इतकं एकटं मला पुन्हा कधी वाटलं नाही. आई गेली तेव्हाही रडायला बाप सोबत होता.

साहेब आले. गाणं सुरू झालं. मुली चांगल्या गात होत्या. माझा तुकडा जवळ आला. आवाज बारीक झाले. पायपेटीनं मला सूर दिला.

मी गोलाच्या बाजूला उभी होते. गोलात नाही. मी हे आधी ठरवलं होतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. मी धीट मुलगी नव्हते. फक्त पाय उचलला नाही, आणि पाय उचलला नाही म्हणून गळाही उघडला नाही. मला शिकवलंच तसं होतं.

पायपेटीनं पुन्हा तोच सूर दिला. मग आणखी एकदा. आतल्या सगळ्या माना पडद्याकडं वळल्या.

"वो लडकी चुप क्यूं है?" तालुकदारसाहेबांनी विचारलं.

"तबियत ठीक नहीं उसकी, साहब," वकील म्हणाले.

मी पडद्याजवळ गेले.

"तबेत चांगली हाय, साहेब. मला आत घेत न्हाईत. म्हणून मी गात न्हाई."

साहेबांनी मिसबाईंकडे पाहून दुसरं गाणं मागितलं. मुलींनी ते म्हटलं. त्यात एकटीचा तुकडा नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर बाप फाटकाबाहेर भेटला.

"घसा बसला का?"

"न्हाई."

"मंग काहून गप राहिलीस? मी समद्यास्नी सांगून ठेवलं व्हतं."

"आत घेतलं न्हाई मला."

"आपल्याला कवा घेतलंय?" तो म्हणाला. रागानं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं, यात नवीन काय ते.

पुढं त्या घरानं त्याला वाजवायला बोलावलं नाही. त्यानं मला कधी बोल लावला नाही. पण गा म्हणूनही पुन्हा कधी म्हणाला नाही. शाळेत माझा तुकडा दुसरीला दिला. मला मागच्या रांगेत घातलं. बोर्डिंगातल्या मुली माझ्याशी बोलायच्या, पण मिसबाई नसतील तेव्हाच. मी विहिरीवर एकटी गायचे, तिथं ऐकायला कोणी नसायचं.

आता मी कॉलेजात आहे. आमच्या घरात इथवर आलेली मी पहिलीच. इथल्या वर्गात मी अजून चाचरत बोलते. या वर्षीच्या संमेलनात समूहगान आहे, आणि प्राध्यापकांनी एकटीचा तुकडा मला दिला. मी लगेच हो म्हटलं नाही. त्यांना म्हटलं, "आधी मला जागा बघू द्या."

सभागृहात गेले. फळ्याजवळचा खडू घेतला. रांगेच्या पुढं, मधोमध, वाकून गोल काढला. माझ्या हातानं.

एका मुलानं विचारलं, "हे कशाला? आवाज तर कुठूनही ऐकू येतो."

"येतो," मी म्हटलं. "पण मी इथूनच गाणार."

ही खूण कोणी पुसली, सरकवली, पुन्हा उंबऱ्याबाहेर नेली, तर मी पुन्हा गप्प राहीन. पायपेटी कितीदाही सूर देऊ दे. समोर कोणीही साहेब बसू दे. कुंपणाशी धुतलेला फेटा बांधून माझा बाप उभा असला, तरीसुद्धा.