इमानवाला कडूबा

सोयगावात कडूबाला नावानं हाक मारली तर तो मागं वळून पाहत नसे. ‘इमानवाले’ म्हटलं की मात्र जागच्या जागी थांबे, आणि एकदा थांबला की समोरच्याची धडगत नसे. तिकडं विमानाला इमान म्हणतात, आणि असं एक इमान कडूबानं ओढलेलं होतं; ती गोष्ट ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात तो बैलजोडी घेऊन औरंगाबादजवळच्या विमानतळावर कामाला लागला होता. ताडपत्रीनं झाकलेलं, लाल शेपूट तेवढं बाहेर असलेलं एक इमान त्याच्या जोडीनं मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला नेलं. हात लावायचा नाही, असा साहेबाचा हुकूम होता. पुढं निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर कडूबा मुली पाहू लागला, तेव्हा त्याच्याकडं जमीन बेताची, घर गळकं, पण ही गोष्ट मात्र ठणठणीत होती. सासऱ्यानं ती ऐकली आणि द्वारका देऊन टाकली.

पहिल्याच पावसाळ्यात त्याच बैलांना चिखलात रुतलेली रिकामी गाडी निघेना. द्वारकाबाईनं ओळखलं, बापाला थाप मारून या बाबानं आपल्याला पदरात पाडून घेतलं. पुढं चाळीस वर्षं ती ते बोलून दाखवत राहिली.

म्हणून औरंगाबादेत पुंडलिकनगरात राहणारा मुलगा बद्रीनाथ म्हणाला, “जुन्या तळावर विमानांचं संग्रहालय झालंय, चला,” तेव्हा कडूबानं ठेवणीतला फेटा काढला. आज सोक्षमोक्ष!

संग्रहालयाच्या मीनाक्षीबाई माहिती सांगत होत्या. कडूबाचं तिकडं ध्यान नव्हतं. शेवटच्या शेडमध्ये लाल शेपूट दिसलं आणि तो ओरडलाच, “ह्येच ते! बघ, द्वारके, बघ!”

“आजोबा, हे खरं विमान नाही,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “बांबू आणि किंतानाचं आहे. शत्रूला वरून खरं वाटावं म्हणून अशी मैदानात मांडून ठेवायचे. बैल लावून जागा बदलायचे.”

“म्हंजे बुजगावणं?” द्वारकाबाईनं विचारलं.

“बुजगावणंच, आजी.”

द्वारकाबाई तोंडाला पदर लावून बाकावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. “अवो, बुजगावणं ओढून बायको आणली तुम्ही!”

कडूबाचा चेहरा पार उतरला. “मला काय ठावं? ताडपत्री उचलू दिली नाय कुणी. इमान खोटं निघालं, द्वारके. तुझ्या बापाशी मी खोटं बोललो नाय.”

तिचं हसू थांबलं. या माणसाला आपण चाळीस वर्षं थापाड्या म्हणत आलो, हे तिला त्या बाकावर फार लागलं.

परतताना औरंगपुऱ्यात चहाला थांबले. शेजारच्या गिऱ्हाइकानं सहज विचारलं, “कुठले पाहुणे?” एरवी एवढं निमित्त कडूबाला पुरे होतं. आज त्यानं बशीतून मान वर केली नाही.

“सोयगावचे,” द्वारकाबाई म्हणाली. “आमच्या ह्यांनी लढाईत इमान ओढलं व्हतं. एकल्या बैलजोडीनं.”

“खरंखुरं इमान?”

“तसं नाय, ते बांबूचं...” कडूबा प्रामाणिकपणे सांगू लागला. द्वारकाबाईनं मेजाखाली त्याचा पाय दाबला.

“लोखंडाचं,” ती म्हणाली. “आन् आत दोन साहेब बसले व्हते.”